आधी मासा दिसतो की आधी पाणी? संस्कृती आणि विचार करण्याची सवय

दोन देशांतल्या कार्यालयांची एक संयुक्त बैठक पडद्यावर चालू आहे, अशी कल्पना करा. एका बाजूच्या प्रमुखाने नव्या योजनेचा आराखडा मांडला आणि शेवटी विचारले, "कोणाची काही हरकत?" पलीकडून कोणी काही बोलले नाही, दोघातिघांनी नुसती मान हलवली. प्रमुखाने निर्णय झाला असे धरले. तीन आठवड्यांनी पाहिले, तर पलीकडच्या कार्यालयात त्या कामाला हातही लागलेला नव्हता. पहिला गट म्हणाला, "ही माणसे तोंडावर हो म्हणतात आणि मागे काहीच करत नाहीत." दुसरा गट म्हणाला, "आमच्याशी आधी कोणी बोललेसुद्धा नाही. मग भरबैठकीत तोंडावर नाही म्हणायचे का?"

दोन्ही गट आपापल्या जागी प्रामाणिक होते. पहिल्या गटाच्या दृष्टीने बैठक म्हणजे निर्णय घेण्याची जागा होती, तर दुसऱ्या गटाच्या दृष्टीने आधीच जुळून आलेल्या निर्णयावर शिक्कामोर्तब करण्याची. घोटाळा झाला तो या न बोललेल्या गृहीतकामुळे. असे घोटाळे आता रोजचे झाले आहेत, कारण वेगवेगळ्या देशांतली माणसे एकाच कामावर एकत्र बसतात आणि एका ठिकाणी घडवलेली यंत्रे जगभरच्या माणसांना सल्ले देतात. म्हणूनच माणसे विचार कसा करतात आणि निर्णय कसा घेतात यात संस्कृतीप्रमाणे खरोखर फरक पडतो का, पडत असेल तर किती आणि कशामुळे, हे नीट समजून घेतले पाहिजे. या विषयावर गेली अनेक दशके संशोधन चालू आहे. दुर्दैवाने त्यातला थोडासाच भाग लोकांपर्यंत पोहोचतो, आणि तोही बहुधा 'अमुक देशाची माणसे अशी असतात' अशा ठोकळ वाक्यांच्या रूपात.

दोन पद्धती, आणि दोन्ही प्रत्येकाजवळ

मानसशास्त्रातल्या दोन संज्ञा आधी समजून घेऊ. पुढे त्यांच्यावरच काम भागेल. समोरच्या दृश्यातून किंवा प्रश्नातून मुख्य वस्तू वेगळी काढायची, तिचे गुणधर्म पाहायचे, ती कोणत्या वर्गात बसते ते ठरवायचे आणि त्या वर्गाचा नियम तिला लावायचा, ही झाली 'विश्लेषक' पद्धत. वस्तू ज्या परिस्थितीत आहे ती सगळी परिस्थिती एकदम नजरेत घ्यायची, गोष्टींमधले परस्परसंबंध शोधायचे आणि परिस्थिती बदलली की उत्तरही बदलेल हे धरून चालायचे, ही 'समग्र' पद्धत.

जगात कोणीही केवळ एकाच पद्धतीने विचार करत नाही. रक्ततपासणीच्या अहवालातला एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला आहे का हे पाहताना डॉक्टर विश्लेषक पद्धत वापरतात. रुग्णाची झोप, काम, काळज्या आणि जुनी दुखणी एकत्र धरून अंदाज बांधताना तेच डॉक्टर समग्र पद्धतीकडे वळतात. याला जवळची उपमा हातांची आहे. आपल्याला दोन्ही हात असतात आणि बरीचशी कामे दोन्ही हातांनी जमतात, पण अचानक कोणी चेंडू फेकला तर एक हात न विचारता पुढे येतो. संस्कृतीने पडणारा फरक मुख्यतः हाच आहे: विचाराचा कोणता हात आधी पुढे येतो.

१९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना गाय, कोंबडी आणि गवत अशी तीन चित्रे दाखवून, यातली कोणती दोन एकत्र जातात, असे विचारले गेले. अमेरिकी मुलांचा कल गाय आणि कोंबडी यांची जोडी लावण्याकडे होता, कारण दोन्ही प्राणी आहेत. तैवानमधल्या मुलांचा कल गाय आणि गवत यांच्याकडे होता, कारण गाय गवत खाते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. एका उत्तरात वर्ग आधी सुचला, दुसऱ्यात संबंध.

वीस सेकंदांचे पाणी

या क्षेत्रातला सर्वांत बोलका प्रयोग ताकाहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. जपानमधल्या आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना संगणकावर पाण्याखालची छोटी हलती दृश्ये दाखवली गेली. प्रत्येक दृश्य साधारण वीस सेकंदांचे. त्यात एखादा ठळक, मोठा, झपाट्याने पोहणारा मासा असे. मागे पाणवनस्पती, दगड, बुडबुडे, संथपणे सरकणारे लहान जीव. दृश्य संपले की एकच सूचना होती: काय पाहिले ते सांगा.

अमेरिकी विद्यार्थी बहुधा माशापासून सुरुवात करत: एक मोठा मासा होता, तो अमुक बाजूला गेला. जपानी विद्यार्थी अनेकदा जागेपासून सुरुवात करत: तळ्यासारखे काहीतरी होते, पाण्याचा रंग असा होता. ठळक माशाबद्दल दोन्ही गटांनी जवळपास सारखेच सांगितले, हे येथे फार महत्त्वाचे आहे. जपानी विद्यार्थ्यांना मासा कमी दिसला, असे झाले नाही. पार्श्वभूमीबद्दल मात्र त्यांनी साठ टक्क्यांहून अधिक जास्त तपशील सांगितले, आणि त्यात मासा आणि भोवतालच्या गोष्टी यांच्यातल्या संबंधांचे उल्लेखही अधिक होते.

प्रयोगाचा दुसरा टप्पा मला अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांना काही मासे पुन्हा दाखवून, हा आधी पाहिला होता का, असे विचारले गेले. कधी मासा मूळ पार्श्वभूमीवर होता, कधी अगदी नव्या. पार्श्वभूमी बदलली तेव्हा जपानी विद्यार्थ्यांना तोच मासा ओळखणे अधिक अवघड गेले. अमेरिकी विद्यार्थ्यांना विशेष फरक पडला नाही. जपानी गटाच्या स्मरणात मासा आणि पाणी एकमेकांना बांधलेले होते, तर अमेरिकी गटाच्या स्मरणात मासा पाण्यातून सुटा होऊन आला होता. यातली कोणती आठवण चांगली, याचे उत्तर पुढे काम काय आहे त्यावर ठरेल. गर्दीत एकच चेहरा शोधायचा असेल तर सुटी आठवण उपयोगी. एखाद्या जागी काय बिनसले आहे हे ताडायचे असेल तर बांधलेली.

हा बुद्धीचाच फरक नाही ना?

ही शंका जुनी आहे आणि तिने एके काळी पुष्कळ अन्याय केला आहे, म्हणून तिच्याशी थोडे थांबतो.

१९३१ आणि १९३२ या वर्षांत सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या खेड्यांत जाऊन शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यांना काही कोडी घातली. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतली वेगळी वस्तू कोणती? शाळेत गेलेला माणूस चटकन ओंडका म्हणेल, कारण बाकीची अवजारे आहेत. शेतकऱ्यांचे म्हणणे असे पडले की, कोणतीच वस्तू वगळता येणार नाही, करवत ओंडका कापते, कुऱ्हाड तो फोडते, आणि ओंडकाच नसला तर बाकीच्यांचे करायचे काय? दुसरे कोडे असे होते: दूर उत्तरेकडे, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या हा द्वीपसमूह दूर उत्तरेला आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? यावर उत्तर आले ते साधारण असे, की मी तिथे गेलेलो नाही, मी काळे अस्वल पाहिले आहे, ज्याने तिकडची अस्वले पाहिली असतील त्याला विचारा.

अशी उत्तरे वाचून या माणसांना तर्क करता येत नाही, असा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे. तो चुकीचा आहे. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल खात्रीने बोलू नये, हा ज्या समाजात शहाणपणाचा नियम आहे, तिथे 'मला ठाऊक नाही' हे जबाबदार माणसाचे उत्तर ठरते. प्रश्नातले वाक्य खरे मानून केवळ त्याच्याच आधारे उत्तर काढायचे, हा शाळेने शिकवलेला एक खेळ आहे. ज्यांनी थोडेफारही शालेय शिक्षण घेतले होते, त्यांना तो खेळता येत होता, हेही लुरिया यांनाच आढळले.

याहून स्पष्ट पुरावा लायबेरियातल्या क्पेल्ले समाजात केलेल्या कामातून पुढे आला. संशोधकांनी नेहमीच्या वापरातल्या वीस वस्तू देऊन त्यांचे गट पाडायला सांगितले. अपेक्षा अशी होती की हत्यारे एकीकडे, खाण्याच्या वस्तू एकीकडे, भांडी एकीकडे जातील. लोकांनी सुरी संत्र्यापाशी ठेवली, कारण सुरीने संत्रे कापतात. कुदळ बटाट्यापाशी ठेवली, कारण कुदळीने बटाटा खणतात. शहाणा माणूस अशीच मांडणी करील, असे त्यांचे म्हणणे होते. संशोधकांनी अखेर विचारले, मूर्ख माणूस कशी मांडणी करील? तेव्हा त्यांनी क्षणात हत्यारे, खाण्याच्या वस्तू, भांडी असे नीटनेटके वर्ग पाडून दाखवले.

क्षमता होतीच. वर्गवारी करता येत होती, फक्त ती करण्यासारखी वाटत नव्हती. परीक्षकाच्या हातातली उत्तरपत्रिकाच एका विशिष्ट पद्धतीने तयार केलेली होती. बुद्धीच्या चाचण्यांनी किती माणसांना अशा रीतीने कमी लेखले असेल, याचा विचार मनात आला की हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही.

निर्णय नेमका कुठे बदलतो

लक्ष कुठे जाते एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती प्रयोगशाळेतच राहिली असती. पण निर्णय हा पाहिलेल्या गोष्टींमधूनच घडतो. एखाद्या माणसाने चूक केली, तर कारण कुठे शोधायचे, हे घ्या. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो आणि मैसूर इथल्या लोकांना आपल्या माहितीतल्या कोणाच्या तरी चांगल्या आणि वाईट वागण्याची कारणे विचारली होती. अमेरिकी प्रौढांनी स्वभावाकडे अधिक बोट दाखवले: तो आळशी आहे, ती मनाची मोठी आहे. मैसूरमधल्या हिंदू प्रौढांनी परिस्थिती, नाती आणि जबाबदाऱ्या यांच्याकडे. विशेष म्हणजे आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता. वय वाढत गेले तसा तो वाढत गेला. म्हणजे ही सवय जन्मासोबत येत नाही, ती भोवतालच्या बोलण्यातून हळूहळू अंगवळणी पडते. तिचे परिणाम मात्र ठोस असतात. चूक स्वभावाची मानली तर उपाय माणूस बदलण्याचा, परिस्थितीची मानली तर व्यवस्था बदलण्याचा.

दुसरा प्रश्न आहे निर्णय कोणाचा, हा. स्वतः निवड केली की माणूस अधिक मन लावून काम करतो, हे मानसशास्त्रात बराच काळ जवळजवळ निसर्गनियमासारखे मानले जात असे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी १९९९ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना अक्षरे जुळवून शब्द बनवण्याची कोडी दिली होती. काहींनी कोड्यांचा प्रकार स्वतः निवडला, काहींसाठी तो प्रयोग घेणाऱ्या अनोळखी बाईंनी निवडला, आणि काहींना सांगितले की तुमच्या आईने हा निवडला आहे. गोऱ्या अमेरिकी मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सर्वांत चांगली सोडवली. आशियाई वंशाच्या अमेरिकी मुलांची कामगिरी सर्वांत सरस ठरली ती आईने निवडले असे सांगितल्यावर. एका बाजूला आईची निवड म्हणजे आपल्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ होती, दुसऱ्या बाजूला ती विश्वासाच्या माणसाची सोबत होती. अनोळखी बाईंची निवड मात्र दोन्हीकडे उपयोगी पडली नाही, हेही विसरू नये. कोणाचीही आज्ञा मुकाट्याने पाळणे आणि जवळच्या माणसाचा शब्द आपला मानणे यांत मोठे अंतर आहे.

सुरुवातीच्या बैठकीचे कोडेही इथेच सुटते. जपानी कंपन्यांमध्ये 'नेमावाशी' नावाची रीत आहे. झाड दुसरीकडे लावण्याआधी त्याच्या मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, त्या कामावरून हा शब्द आला. मोठा प्रस्ताव बैठकीत येण्याआधी संबंधित प्रत्येक माणसाला एकेकटे भेटून त्याची शंका ऐकायची, मसुदा बदलायचा आणि मगच तो सर्वांसमोर ठेवायचा. त्याला जोडून 'रिंगी' ही पद्धत आहे, तीत प्रस्तावाचा कागद खालून वर फिरत जातो आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उमटवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे संथ वाटते. पण निर्णय पक्का झाल्यावर अंमलबजावणीत कोणी अडून बसत नाही, कारण हरकती आधीच निघून गेलेल्या असतात. उलट जिथे निर्णय बैठकीत चटकन होतो, तिथे हरकती अंमलबजावणीच्या वेळी उभ्या राहतात. वेळ दोन्हीकडे लागतो. एकीकडे तो निर्णयाच्या आधी मोजला जातो, दुसरीकडे नंतर. आपल्या बैठकीतल्या प्रमुखाने मसुदा आठवडाभर आधी पाठवून दोघातिघांशी स्वतंत्रपणे बोलून घेतले असते, तर ती शांतता त्याला वेळीच ऐकू आली असती.

सवय येते कुठून?

एक स्पष्टीकरण शेतीशी जोडलेले आहे. थॉमस टॅलहेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चीनमधल्या सहा ठिकाणच्या हजाराहून अधिक हान (चीनमधल्या बहुसंख्य समाजातल्या) विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांगत्से नदीच्या दक्षिणेला परंपरेने भात पिकतो, उत्तरेला गहू. भाताला पाणी बांधून घ्यावे लागते, कालवे सामाईक राखावे लागतात, लावणीला एकमेकांच्या शेतांवर जावे लागते, आणि गव्हाच्या मानाने श्रम सुमारे दुप्पट पडतात. शेजाऱ्याशी बिनसले तर पीकच धोक्यात येते. अशा भागातले विद्यार्थी स्वतः शेती करत नसतानाही अधिक समग्र पद्धतीने उत्तरे देत होते. एकच देश, एकच लिपी, तरीही आतमध्ये हा फरक होता.

याच संशोधकांनी २०१८ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. बीजिंगपासून हाँगकाँगपर्यंतच्या शहरांतल्या स्टारबक्सच्या कॉफीगृहांत त्यांनी दोन खुर्च्या अशा सरकवून ठेवल्या की येण्याजाण्याची वाट अरुंद झाली. मग ते बाजूला बसून पाहत राहिले. बहुतेक लोक अंग चोरून मधून निघून गेले. खुर्ची उचलून बाजूला करणारे थोडेच होते, पण ते गव्हाच्या उत्तरेत भाताच्या दक्षिणेपेक्षा ठळकपणे अधिक होते. परिस्थितीला स्वतःशी जुळवून घ्यायचे की स्वतःला परिस्थितीशी, हा मोठा तात्त्विक प्रश्न त्या दोन खुर्च्यांच्या फटीत मावला होता.

भाताच्या भागातली माणसे मुळातच वेगळी असतील आणि शेतीचा यात काही हात नसेल, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्त होता. त्यावर २०२४ मध्ये चीनमधल्याच निंग्शिया प्रदेशातल्या दोन सरकारी शेतीवसाहतींचा अभ्यास आला. तिथे काही दशकांपूर्वी कुटुंबांना शासनानेच वसवले होते. एका वसाहतीच्या वाट्याला भात आला, दुसरीच्या वाट्याला गहू, आणि निवड कुटुंबांनी केलेली नव्हती. तिथेही भात पिकवणारे अधिक समग्र पद्धतीने विचार करताना आढळले. तरीही शेती हे एकमेव कारण आहे, असे मानण्याचे कारण नाही. शाळा, स्थलांतर, बाजारपेठ, धर्म, कुटुंबाची रचना या सगळ्यांची भर असते.

"माणूस शेवटी सगळीकडे सारखाच" असे नाही का?

हा आक्षेप चांगल्या मनातून येतो. अडचण अशी की 'सारखा माणूस' म्हणून ज्याचे वर्णन आपल्याला शिकवले गेले, तो बहुतेक वेळा एकाच कोपऱ्यातला होता. मानसशास्त्राच्या प्रमुख अमेरिकी नियतकालिकांची २००८ मध्ये तपासणी झाली, तेव्हा अभ्यासातल्या माणसांपैकी सुमारे ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली निघाली, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यातही पुष्कळसे विद्यापीठातले विद्यार्थी. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायान यांनी सविस्तर दाखवून दिले की हा गट अनेक बाबतींत जगाच्या मानाने टोकाचा आहे.

हेन्रिक यांना ही जाणीव पेरूच्या जंगलातल्या माचिगेन्गा समाजात काम करताना झाली. एका खेळात पहिल्या माणसाला काही रक्कम मिळते आणि तिचा किती वाटा दुसऱ्याला द्यायचा ते तो सांगतो. दुसऱ्याने वाटा नाकारला तर दोघांनाही काही मिळत नाही. औद्योगिक देशांत सरासरी देकार ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असतो आणि फार कमी देकार लोक रागाने नाकारतात. माचिगेन्गा लोकांनी सरासरी २६ टक्के देऊ केले आणि समोरच्यांनी ते जवळजवळ नेहमीच स्वीकारले. फुकट मिळणारी रक्कम नाकारायची कशाला, असा त्यांचा साधा विचार. इंडोनेशियातल्या लामालेरा गावात लोक मोठ्या होड्यांतून एकत्र देवमासा मारतात आणि त्याचे वाटे ठरलेल्या नियमाने पडतात. तिथे सरासरी देकार निम्म्याहून अधिक होता. पापुआ न्यू गिनीतल्या दोन समाजांत तर निम्म्यापेक्षा मोठे देकारही नाकारले गेले, कारण तिथे मोठी भेट घेणे म्हणजे मोठे ऋण डोक्यावर घेणे. न्यायाची जाणीव सगळीकडे होती. न्याय कशाला म्हणायचे, ते रोजच्या व्यवहाराने ठरवले होते.

"मग जपानी माणूस असा, अमेरिकी माणूस तसा" असे म्हणता येईल का?

मुळीच नाही, आणि या विषयाचा सर्वाधिक गैरवापर इथेच होतो. गेर्ट हॉफस्टेडे यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून संस्कृतीच्या वेगवेगळ्या पैलूंचे देशवार गुणांक काढले. ते देशांच्या सरासरीची तुलना करण्यासाठी होते. पुढे प्रशिक्षणवर्गांत तेच गुणांक एकेका माणसावर चिकटवले जाऊ लागले. दोन गावांच्या सरासरी उंचीत दोन बोटांचा फरक असला, तरी दारात उभा असलेला माणूस कोणत्या गावचा, हे त्याच्या उंचीवरून सांगता येत नाही. तसेच हे आहे.

शिवाय सवय बदलते. शिनोबू कितायामा आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात जपानमध्ये राहणाऱ्या अमेरिकी लोकांची उत्तरे जपानी लोकांच्या उत्तरांकडे झुकलेली होती, आणि अमेरिकेत राहणाऱ्या जपानी लोकांची अमेरिकी उत्तरांकडे. भाषेचाही परिणाम होतो: बोझ केसर यांच्या गटाला २०१२ मध्ये आढळले की तोच प्रश्न परक्या भाषेत वाचला की, तो 'इतक्यांचा जीव वाचेल' असा मांडला की 'इतके मरतील' असा, यावरून उत्तर बदलण्याचे प्रमाण घटते.

ढोबळ अंदाज किती फसवे असतात, याचे आणखी एक उदाहरण जोखमीचे आहे. समूहाला महत्त्व देणारी माणसे पैशाच्या बाबतीत भित्री असतील, असे पुष्कळांना वाटते. एल्के वेबर आणि क्रिस्टोफर सी यांच्या अभ्यासांत चिनी सहभागी आर्थिक जोखीम घ्यायला अमेरिकी सहभागींपेक्षा अधिक तयार दिसले. त्यांचे स्पष्टीकरण असे की पडलो तर नातेवाईक सावरतील हा भरवसा गादीसारखा खाली पसरलेला असतो. अभ्यासाच्या किंवा प्रकृतीच्या बाबतीत, जिथे नातेवाईक नुकसान भरून देऊ शकत नाहीत, तिथे हा फरक दिसला नाही.

हे संशोधन कितपत पक्के आहे?

सारखे पक्के नाही, आणि वाचकाला हे सांगितलेच पाहिजे. २००१ मध्ये एका छोट्या अभ्यासाने दावा केला की 'खरे ज्ञान' कशाला म्हणावे याबद्दलची अंतःप्रेरणाच पूर्व आणि पश्चिम यांत वेगळी आहे. पुढे मोठ्या गटांवर तोच प्रश्न विचारला तेव्हा तो फरक उरला नाही. चित्र पाहताना अमेरिकी आणि चिनी विद्यार्थ्यांचे डोळेच वेगळे फिरतात, असे २००५ मध्ये मांडले गेले. इतर प्रयोगशाळांना ते तसे आढळले नाही. जपानी लोक अमेरिकी लोकांपेक्षा अधिक समूहनिष्ठ असतात या समजालाही उपलब्ध अभ्यासांचा भक्कम आधार नाही, असे योतारो ताकानो आणि एइको ओसाका यांनी १९९९ मध्ये दाखवले. 'पूर्व' आणि 'पश्चिम' ही विभागणीसुद्धा मुळात तोकडी आहे. आफ्रिका, अरब जग, लॅटिन अमेरिका आणि दक्षिण आशिया तिच्यात नीट बसत नाहीत. कारणे कुठे शोधायची आणि निवड कोणाची मानायची, याबद्दलचे फरक मला अधिक भरवशाचे वाटतात, कारण ते फक्त पडद्यावरच्या चित्रांत नाही, तर कामकाजाच्या रीतींतही दिसतात.

यंत्रांनी कोणाच्या सवयीने ठरवायचे?

२०१८ मध्ये एका प्रचंड ऑनलाइन प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विनाचालक गाडीचे ब्रेक निकामी झाले आहेत; कोणाला वाचवायचे आणि कोणाला नाही? २३३ देश आणि प्रदेशांतून सुमारे चार कोटी उत्तरे आली. प्राण्यापेक्षा माणूस आणि थोड्यांपेक्षा अधिक जण वाचावेत, हे जवळपास सगळीकडे समान होते. म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना वाचवावे ही ओढ मात्र पूर्व आशियातल्या अनेक देशांत बरीच सौम्य होती, आणि जिथे कायद्याचा अंमल कडक, तिथे सिग्नल मोडून रस्ता ओलांडणाऱ्याविषयी सहनशीलता कमी होती. उत्तरे देणारे स्वतःहून आलेले इंटरनेट वापरणारे लोक होते, म्हणून हा जगाचा कौल म्हणता येणार नाही. तरी गाडी बनवणाऱ्यापुढचा प्रश्न खरा आहे: सीमा ओलांडली की गाडीचा निर्णय बदलावा का?

हाच प्रश्न आता सल्ला देणाऱ्या संगणकीय प्रणालींपुढेही आहे. ज्या मजकुरावर त्या शिकल्या, त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे, त्यामुळे 'आईवडिलांना न विचारता स्वतःच्या मनाचे ऐका' हा सल्ला तटस्थ वाटावा इतक्या सहजतेने पुढे येऊ शकतो, आणि ज्याच्यासाठी आईवडिलांचा शब्द हाच निर्णयाचा भाग आहे, त्याला उत्तर मिळूनही मदत होत नाही.

विनाचालक गाड्यांबाबत जर्मनीने नेमलेल्या नीती आयोगाने २०१७ मध्ये आपली भूमिका मांडली. माणसाचा जीव प्राण्याच्या आणि मालमत्तेच्या आधी, हे त्याने मान्य केले. अटळ अपघातात वय, लिंग किंवा शारीरिक घडण यांवरून माणसामाणसांत भेद करणे मात्र त्याने सक्त मना केले. म्हणजे लोकांची ओढ तरुणांकडे असो वा नसो, ती यंत्रात उतरवायचीच नाही, असे तिथे ठरले.